साडेसातशे मीटर : पहिल्या ट्रायथलॉनसाठी पोहण्याच्या सरावाच्या नोंदी

८ जानेवारी

येत्या ५ मे रोजी, म्हणजे आजपासून सतरा आठवड्यांना एक दिवस कमी असताना, मी पहिल्यांदा ट्रायथलॉनमध्ये उतरणार आहे. प्रकार स्प्रिंटचा आहे : ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे. शेवटच्या दोहोंची मला फारशी धास्ती नाही. दहा किलोमीटर मी तासाच्या आत धावते आणि सायकलवर दोन तास बसण्याची सवय आहे. पोहण्याची अवस्था मात्र आज तलावावर घड्याळ लावून पाहिली, ती अशी : पंचवीस मीटरची पहिली लेंथ, म्हणजे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, ३१ सेकंदांत, दुसरी ४० सेकंदांत, आणि त्यानंतर दोन्ही हातांनी काठ धरून दीड मिनिट नुसत्या धापा. नाडी १७२ होती. धावताना ही नाडी मला चढावरच्या शेवटच्या मिनिटात दिसते, येथे ती पन्नास मीटरमध्ये दिसली.

लहानपणी मी पोहायला शिकले ते बुडू नये म्हणून, डोके वर ठेवून. पुढची वीस वर्षे तेवढ्यावर निभावले. आता तीस लेंथ न थांबता करायच्या आहेत आणि शिवाय पाण्यातून बाहेर आल्यावर सायकल चालवण्याइतपत शिल्लक राहायचे आहे.

या वहीत सायकलीच्या आणि धावण्याच्या नोंदी करणार नाही. आठवड्यातून तीन दिवस तलाव, आणि दर वेळी चार गोष्टी : एकूण अंतर, न थांबता पोहलेले सर्वांत मोठे अंतर, एका लेंथमध्ये मारलेले हात, आणि त्या दिवशी काय चुकले. आजचा हिशेब : एकूण २०० मीटर, सर्वांत मोठे ५०, हात २८. चुकले ते सगळेच.

११ जानेवारी

दर वेळी एक लेंथ वाढवत जायचे, म्हणजे तीस दिवसांत तीस होतील, असे साधे गणित मी मांडले होते. ते आज तिसऱ्या लेंथलाच मोडले. मध्यावर नाकातोंडात पाणी गेले आणि उरलेले अंतर मी दोरीला धरून पार केले.

तलावावरचे प्रशिक्षक हे पाहत होते. त्यांनी विचारले, “तुम्ही पाण्यात श्वास सोडता का?” मी सोडते म्हणाले. “मग इथे उभ्या राहा आणि तोंड पाण्यात घालून दाखवा.” छातीभर पाण्यात उभी राहून मी तोंड बुडवले, मनात दहापर्यंत मोजले आणि वर आले. ते म्हणाले, “एकही बुडबुडा नाही.” मला ते खरे वाटेना, म्हणून पुन्हा केले आणि या वेळी डोळे उघडे ठेवले. खरोखरच एकही बुडबुडा नव्हता. आयुष्यभर मी पाण्यात श्वास कोंडून ठेवत आले होते आणि तो सोडते अशी माझी पक्की समजूत होती.

त्यामागचे कारण समजल्यावर धापांचा उलगडा झाला. श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः प्राणवायू संपत आल्यामुळे नव्हे, तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. श्वास कोंडला की तो साठत जातो आणि जीव घाबरा होतो. शिवाय तोंड बाजूला वळवून हवा घ्यायला जेमतेम अर्धा-पाऊण सेकंद मिळतो. त्या वेळात आधी जुनी हवा बाहेर टाकायची आणि मग नवी घ्यायची म्हटले, तर दोन्ही अर्धवटच होतात. फुप्फुसे भरलेली आणि तरी हवा कमी पडते आहे, अशी विचित्र स्थिती होते. पायऱ्यांवर धाप लागते ती वेगळी आणि ही वेगळी. या धापेवर धावण्याचा दमसास उपयोगी पडत नाही.

उरलेली पंचवीस मिनिटे मी पोहले नाही. उथळ भागात वाकून तोंड पाण्यात, नाकातून आणि तोंडातून गुणगुणल्यासारखा सलग उच्छ्वास, मग मान न उचलता फक्त वळवून श्वास. सोडणे लांब, घेणे आखूड. शेजारच्या लेनमधली सात-आठ वर्षांची मुले हेच करत होती आणि माझ्यापेक्षा चांगले करत होती.

१५ जानेवारी

एकूण ३०० मीटर : पंचवीस मीटर बारा वेळा, प्रत्येकीनंतर ३० सेकंद विश्रांती. हात २७. शेवटच्या चार लेंथमध्ये बुडबुड्यांचा आवाज सतत कानावर येत होता. धाप लागली, पण घाबरल्यासारखे वाटले नाही.

२२ जानेवारी

मैत्रिणीने काठावरून माझे पोहणे मोबाइलवर टिपले. पाहून ओशाळायला झाले. मी स्वतःला पाण्यावर आडवी समजत होते, प्रत्यक्षात जिना चढत असल्यासारखी तिरपी होते : डोके वर, कंबर हातभर खाली, पाय त्याहून खाली.

फुप्फुसांतल्या हवेमुळे छाती तरंगते, पाय जड असतात. त्यामुळे शरीर मूळचेच पायांकडून खाली झुकते, आणि डोके उचलले की हे झुकणे वाढते. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट आहे. त्यातून तिरपे अंग ओढत न्यायचे म्हणजे उघडे दार पाण्यातून ढकलत नेण्यासारखे आहे. म्हणून उपाय ताकदीचा नाही, डोके खाली घालण्याचा आहे : नजर पुढच्या भिंतीवर नको, तळाच्या काळ्या पट्टीवर हवी, आणि छाती किंचित दाबलेली हवी. आज मान सैल सोडल्यावर पहिल्याच लेंथला टाचांना हवेचा गारवा लागला. इतक्या वर्षांत माझ्या टाचा कधी पृष्ठभागावर आल्याच नव्हत्या, हे तेव्हा कळले.

पायांची दुसरीही एक भानगड आहे. धावणाऱ्यांचे घोटे ताठ असतात, पावले मागे सपाट वळत नाहीत आणि पाणी मागे लोटण्याऐवजी खाली दाबतात. फळी धरून फक्त पाय मारायला सांगितले तेव्हा मी एक मिनिटभर जोर लावून जागच्या जागी राहिले. थोडी मागे गेले असेही प्रशिक्षकांचे म्हणणे आहे, ते मी नोंदवून ठेवते पण मान्य करत नाही. मांड्यांचे स्नायू मोठे असतात आणि प्राणवायू भरपूर खातात, त्या मानाने पुढे ढकलण्यात त्यांचा वाटा लहान असतो. सायकल आणि धावणे अजून बाकी असताना पायांना येथे थकवण्यात अर्थ नाही. त्यामुळे ठरले असे की एका हाताला एक, एवढेच पाय मारायचे, तेही शरीर आडवे राहावे आणि कूस वळावी यासाठी.

एकूण ४०० मीटर, सर्वांत मोठे ७५, हात २५.

२९ जानेवारी

आजची नोंद लांबेल, कारण आज वेगाविषयी जे कळले ते मला एका तक्रारीतून कळले.

सावकाश पोहणाऱ्यांच्या लेनमध्ये एक काका रोज असतात. वय सत्तरीच्या आसपास असावे. ते पाऊण तास काठाला न थांबता पोहतात. मी निघताना त्यांना मागे टाकते आणि पुढच्या टोकाला धापा टाकत उभी राहते, ते शांतपणे येऊन वळून जातात. आज तिसऱ्यांदा असे झाल्यावर ते थांबले आणि म्हणाले, “अहो ताई, तुम्ही दर वेळी माझ्या अंगावरून पुढे जाता आणि मग वळायच्या जागी उभ्या राहता. मला तुम्हाला वळसा घालून जावे लागते. एक तर पुढेच राहा, नाही तर मागे राहा.”

पुढे राहणे शक्य नव्हते, म्हणून मी मागे राहिले. त्यांच्या तळपायांपासून अंदाजे हातभर अंतर ठेवून निघाले. पहिल्या लेंथला हे इतके सावकाश वाटले, की आपण उगाच वेळ घालवतो आहोत असे मनात आले. दुसऱ्या लेंथलाही तसेच. तिसऱ्या लेंथला लक्षात आले की काका प्रत्येक हात पुढे गेल्यावर क्षणभर तसाच लांब ठेवतात, त्या क्षणात शरीर नुसते सरकते आणि मगच दुसरा हात पाणी धरतो. त्यांचे एका लेंथमध्ये १९ हात होत होते. चौथी लेंथ झाली, पाचवी झाली, सहावी झाली. काठ आला की वळायचे, यापलीकडे मी काही करत नव्हते. सहाव्या लेंथनंतर थांबले ती दम संपला म्हणून नव्हे, गॉगलमध्ये पाणी शिरले म्हणून. दीडशे मीटर झाले होते. आजवरच्या सर्वांत मोठ्या अंतराच्या दुप्पट.

घरी येऊन हिशेब केला. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. वेग दहा टक्क्यांनी वाढवला तर सुमारे ३३ टक्के जास्त शक्ती लागते. काकांच्या मागे माझी लेंथ ३८ सेकंदांची होत होती, एकटी असताना मी पहिली लेंथ ३१ सेकंदांत काढत होते. म्हणजे सात सेकंद वाचवण्यासाठी मी सुमारे १.८ पट शक्ती खर्च करत होते, आणि पुढच्याच लेंथला नऊ सेकंद हरत होते. याला दमसासाचा अभाव म्हणता येणार नाही, ही निव्वळ उधळपट्टी होती.

कोणाच्या तरी मागे पोहल्याने पाण्याचा विरोध कमी होतो, हेही खरे आहे, त्यामुळे आजचे सगळे श्रेय माझे नाही. पण खुल्या पाण्यातल्या स्पर्धेत पुढच्याच्या पायांमागे राहून पोहण्याला परवानगी असते, तेव्हा हा सराव वाया जाणारा नाही. काकांना विचारले की उद्यापासून मागे राहिले तर चालेल का. ते म्हणाले, “पायाला हात लावू नका, एवढेच.”

५ फेब्रुवारी

पन्नास मीटर आठ वेळा, मध्ये २० सेकंद विश्रांती. आठही वेळा ७६ ते ७९ सेकंदांच्या दरम्यान. पहिली मुद्दाम सर्वांत सावकाश काढली. सलग अंतर वाढवण्याचा हट्ट सोडून छोटे तुकडे, नेमकी विश्रांती आणि सारखा वेग यांवर भर देण्याचा निर्णय योग्य ठरतो आहे, कारण दमल्यावर पोहण्याची ढब बिघडते आणि बिघडलेल्या ढबीने केलेला सराव बिघडलेली ढबच पक्की करतो. एकूण ८०० मीटर, हात २४.

१२ फेब्रुवारी

मांड्यांमध्ये धरायचा फोमचा ठोकळा, ज्याला तलावावर सगळे पुलबॉय म्हणतात, तो आज पहिल्यांदा वापरला. ठोकळ्याने पाय आपोआप वर राहिले आणि मी ४०० मीटर न थांबता पोहले. आनंदाच्या भरात घरी फोनही केला. मग ठोकळा काठावर ठेवून पुन्हा निघाले आणि १७५ मीटरला थांबले.

जे काम शरीराने करायचे ते फोमने केले होते. वेटसूट, म्हणजे पोहताना घालायचा रबरी पोशाख, घातला तरी हेच होते, तोही अंग उचलून धरतो. परंतु माझ्यासारख्या, वयोगटांनुसार उतरणाऱ्या हौशी स्पर्धकांना १५०० मीटरपर्यंतच्या पोहण्यात पाणी २२ अंश किंवा त्याहून उबदार असेल तर वर्ल्ड ट्रायथलॉन या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांनुसार वेटसूट घालता येत नाही, आणि आमच्या स्पर्धेचे पाणी त्या हंगामात २४ अंशांच्या आसपास असते असे आयोजकांनी कळवले आहे. तेव्हा आधाराची सवय नको. ठोकळा यापुढे दर दिवशी जास्तीत जास्त १०० मीटर, तोही केवळ हातांकडे लक्ष द्यायचे असेल तेव्हा.

४०० हा आकडा वहीत सर्वांत मोठे अंतर म्हणून धरलेला नाही.

१९ फेब्रुवारी

डावा खांदा पुढच्या बाजूने दुखतो आहे. चित्रफीत पुन्हा पाहिली. श्वासासाठी मी उजवीकडे वळते तेव्हा डावा हात डोक्यासमोरून पलीकडे जातो, म्हणजे शरीराची मधली रेषा ओलांडतो, आणि पाण्यात शिरताना अंगठा आधी, तळवा बाहेर वळलेला. या स्थितीत खांदा पिळला जातो आणि एका दिवसात तीन-चारशे वेळा पिळला जातो. सहा दिवस पोहणे बंद. पुढच्या वेळी हात खांद्याच्या रेषेत, बोटांची टोके आधी, तळवा खाली. हात कानाजवळ नको, रुळांवर चालल्यासारखे दोन वेगळे मार्ग हवेत.

थांबावे लागल्याचा राग आला आहे. तोही येथे नोंदवते.

४ मार्च

आज ५०० मीटर न थांबता, ठोकळ्याशिवाय. १३ मिनिटे १० सेकंद.

गेले दोन आठवडे माझी मजल शंभर-दीडशेवर अडकली होती आणि दर वेळी मी चौथ्या ते सहाव्या लेंथच्या दरम्यान थांबत होते. आज ठरवले की त्या टप्प्यावर थांबायचे नाही, फक्त आणखी सावकाश व्हायचे. पाचव्या लेंथला नेहमीसारखे वाटले, की आता पुरे. सहाव्यालाही तसेच. आठव्या-नवव्या लेंथच्या आसपास श्वास आपला आपण जागेवर आला आणि त्यानंतर पुढच्या लेंथ आधीच्यांपेक्षा सोप्या गेल्या. धावताना मला हे ठाऊक आहे. पहिली सात-आठ मिनिटे नेहमी वाईट जातात, कारण शरीराला प्राणवायूचा पुरवठा कामाच्या पातळीवर आणायला वेळ लागतो. धावताना त्या मिनिटांत मी कधी थांबत नाही, कारण पुढे काय होते ते माहीत असते. पाण्यात ते माहीत नव्हते, म्हणून मी दर वेळी नेमकी त्याच्या अलीकडे थांबत होते.

मोजणीचा घोळ मात्र झाला. चौदा की पंधरा ते आठवेना. संशयाचा फायदा स्वतःला न देता चौदा धरले, त्यामुळे कदाचित ५२५ झाले असतील. यापुढे लेंथ न मोजता जोड्या मोजायच्या : निघाले त्या टोकाला परत आले की एक.

११ मार्च

वेग ठरवण्यासाठी चाचणी. ४०० मीटर शक्य तितक्या जोरात, पूर्ण विश्रांतीनंतर २०० मीटर तसेच. वेळा अनुक्रमे ९ मिनिटे ५२ सेकंद आणि ४ मिनिटे ३८ सेकंद. दोन्ही अंतरांतला फरक २०० मीटर, वेळांतला फरक ३१४ सेकंद, म्हणजे १०० मीटरला १५७ सेकंद, अर्थात २ मिनिटे ३७ सेकंद. हा माझा सीमारेषेवरचा वेग. याहून जोरात गेले तर थकवा साठत जातो, याच्या आत राहिले तर बराच वेळ टिकता येते. या वेगाने ७५० मीटरला १९ मिनिटे ३७ सेकंद लागतील.

पुढचे तीन आठवडे मुख्य सराव एकच : १०० मीटर सहा वेळा, याच वेगाने, मध्ये २० सेकंद. नंतर आठ वेळा. नंतर दहा वेळा. कंटाळवाणे आहे, आणि त्याला इलाज नाही.

२५ मार्च

७५० मीटर सलग. २० मिनिटे ४८ सेकंद. हात २२.

काठावर बसून पाय पाण्यात सोडले आणि पाच मिनिटे स्वतःवर खूश होते. मग एक गोष्ट लक्षात आली आणि ती येथे लिहून ठेवणे भाग आहे. प्रत्येक लेंथच्या सुरुवातीला मी भिंतीला पाय लावून रेटा घेते आणि जवळजवळ चार मीटर हात न मारता सरकते. तीस वेळा चार मीटर, म्हणजे १२० मीटर भिंतीने दिले. त्याखेरीज प्रत्येक वळणावर हाताला एक-दोन सेकंदांची सुट्टी मिळते. स्पर्धा तळ्यात आहे आणि तळ्याला भिंत नसते. त्यामुळे तलावातल्या तीस लेंथ म्हणजे तळ्यातले ७५० मीटर नव्हेत. लक्ष्य बदलून १००० मीटर करते आहे, आणि आठवड्यातून एक दिवस काठाला न शिवता, त्याच्या दोन हात अलीकडून वळण्याचा सराव.

२ एप्रिल

पहिल्यांदा तळ्यात. सोबत खुल्या पाण्यात पोहण्याचा अनुभव असलेले दोघे, कमरेला दोरीने बांधलेला नारिंगी फुगा, काठावर एक जण होडीसह. एकटीने खुल्या पाण्यात उतरायचे नाही, हा नियम मी सरावापूर्वीच करून ठेवला होता.

पाणी २१ अंश होते, तलावाचे २८ असते. कमरेपर्यंत ठीक वाटले. तोंड पाण्यात घातले आणि आतल्या आत हुंदका यावा तसा श्वास आपोआप ओढला गेला. सोडायचा प्रयत्न केला, सुटेना. खाली काळी पट्टी नव्हती, तळही नव्हता. हिरवट गढूळ उजेडात माझाच हात कोपरापर्यंत दिसत होता आणि पुढे नाहीसा होत होता. वीसेक हातांनंतर छाती आवळल्यासारखी झाली आणि जानेवारीतली मी पूर्ण ताकदीने परत आले : डोके वर, पाय खाली, हात पाण्यावर आपटणारे. सोबतीने जवळ येऊन एवढेच म्हटले, “उताण्या व्हा.” मी उताणी झाले, फुगा छातीवर घेतला आणि आकाशाकडे पाहत पडून राहिले. दोन मिनिटांत श्वास सुटू लागला.

थंड पाण्याचा स्पर्श झाल्यावर असा श्वास ओढला जाणे ही शरीराची प्रतिक्रिया आहे, ती भित्रेपणाने होत नाही, आणि बहुधा एक-दोन मिनिटांत ओसरते, हे मी वाचलेले होते. वाचलेले पाण्यात आठवत नाही. म्हणून क्रम ठरवला : आधी तोंडावर आणि मानेवर पाणी मारायचे, मग उभ्यानेच तोंड बुडवून दहा वेळा बुडबुडे, मग दोन मिनिटे तरंगणे, आणि त्यानंतरच पोहायला निघायचे. त्या क्रमाने दुसऱ्यांदा गेले तेव्हा १२० मीटर झाले. तलावात हजाराच्या जवळ आलेली मी येथे १२० वर होते.

९ एप्रिल

तळ्यात ४०० मीटर, दोनदा उताणी होऊन. श्वासाचा प्रश्न बराचसा मिटला. आता दिशेचा उभा राहिला आहे.

पंधरा-वीस हात मारून वर पाहिले की बोया, म्हणजे मार्ग दाखवणारी पाण्यावर तरंगती खूण, उजवीकडे गेलेला असतो, म्हणजे मी डावीकडे सरकते. मध्ये एकदा तलावात डोळे मिटून पोहून पाहिले, सहाव्या हाताला डाव्या दोरीला घासले. फक्त उजवीकडूनच श्वास घेत आल्याने दोन्ही बाजूंची ओढ सारखी राहिलेली नाही. त्यासाठी तीन हातांनी एक श्वास, म्हणजे आळीपाळीने दोन्ही बाजूंनी, असा सराव करते आहे. डावीकडून श्वास घेताना अजून अर्धे पाणी पिते. स्पर्धेत मात्र दर दोन हातांनी उजवीकडूनच घेईन, कारण तेथे हवा महत्त्वाची.

वर पाहण्याचीही एक रीत आहे. डोके पूर्ण उचलले की पाय बुडतात, म्हणून मगरीसारखे फक्त डोळे पाण्याबाहेर काढायचे, बोया पाहून घ्यायचा, आणि त्याच लयीत मान वळवून श्वास घ्यायचा. दर आठ हातांनी एकदा. तलावात काठावर ठेवलेली लाल पाण्याची बाटली हा माझा बोया.

१६ एप्रिल

चौघांनी एका लेनमध्ये मुद्दाम दाटीवाटीने पोहण्याचा सराव केला. पायाला हात लागणे, कोपर लागणे, कोणाच्या तरी पायाने गॉगल सरकणे हे सगळे झाले. गॉगलचा पट्टा टोपीच्या आत घातला तर सुटत नाही, हे आजचे सर्वांत उपयोगी ज्ञान.

नियम पुन्हा वाचले आणि धीर आला. पोहण्याची कोणतीही शैली चालते, जागच्या जागी तरंगता येते, आणि पुढे सरकत नसाल तर बोया किंवा थांबलेली होडी धरून विश्रांतीही घेता येते. ब्रेस्टस्ट्रोकला, म्हणजे दोन्ही हात एकदम फाकवत बेडकासारखे पोहण्याला, मी मनातून हार समजत होते. मॅथ्यू वेब यांनी १८७५ मध्ये इंग्लिश खाडी पहिल्यांदा पोहून ओलांडली ती ब्रेस्टस्ट्रोकनेच, आणि त्यांना पावणेबावीस तास लागले. गर्ट्रूड एडर्ले यांनी १९२६ मध्ये क्रॉलने, म्हणजे मी पोहते तसे आळीपाळीने हात मारत, ती साडेचौदा तासांत ओलांडली. क्रॉल वेगवान आहे यात शंका नाही, पण दहा हात ब्रेस्टस्ट्रोक मारून श्वास जागेवर आणण्यात कमीपणा कसला?

२२ एप्रिल

तलावात १००० मीटर सलग, २७ मिनिटे ४० सेकंद. हात २२. त्यानंतर लगेच बाहेर येऊन सायकल. पाण्यातून उठून उभी राहिले तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली. वीस-पंचवीस मिनिटे आडवे असलेले शरीर एकदम उभे होते आणि पाय जवळजवळ वापरलेलेच नसतात. उपाय म्हणून शेवटच्या पन्नास मीटरमध्ये पाय थोडे जोरात मारायचे, म्हणजे तिकडचे रक्ताभिसरण वाढते, आणि बाहेर आल्यावर पहिली दहा पावले चालायचे. दुसऱ्यांदा केले तेव्हा अंधारी आली नाही. डाव्या पोटरीत मात्र गोळा आला. पावलाचा चवडा धरून स्वतःकडे ओढल्यावर सुटला.

३० एप्रिल

अंतर निम्म्यावर आणले. ६०० मीटर, सहज. नवीन काही करायचे नाही.

५ मे

पाणी २४ अंश, वेटसूट नाही. वेळेआधी वीस मिनिटे पाण्यात उतरून बुडबुडे आणि तरंगणे, ठरल्याप्रमाणे. मी मागच्या रांगेत, डाव्या कडेला उभी राहिले.

शिट्टी झाली आणि शंभरएक जणांनी एकदम पाणी उसळवले. पहिल्या दीड-दोन मिनिटांत मी ठरवलेले सगळे विसरले आणि त्यांच्याबरोबर सुसाट निघाले. श्वास आखूड झाला, बुडबुड्यांचा आवाज थांबला, आणि तो थांबल्याचे मला कळले, एवढा एकच फरक जानेवारीत आणि आज होता. मी डोके वर काढून बारा हात ब्रेस्टस्ट्रोक मारले. मोठ्याने, सलग श्वास सोडला. माझ्या दोन्ही बाजूंनी माणसे पुढे गेली. मग निळ्या टोपीतल्या एका बाईंचे पाय समोर दिसले, सावकाश आणि नियमित, आणि मी त्यांच्या मागे हातभर अंतर ठेवून लागले. पहिल्या बोयाला वळताना कोणाचे तरी कोपर कानावर बसले. दुसऱ्या बोयानंतर पुढचे पाय नाहीसे झाले आणि उरलेले अंतर मी एकटीने काढले, बोया डोळ्यांनी शोधत, तो दर वेळी उजवीकडे सापडत.

हाताला वाळू लागेपर्यंत पोहत राहायचे असे प्रशिक्षकांनी बजावले होते, कारण कमरेभर पाण्यातून चालणे पोहण्याहून दमवते. वाळू लागली. उभी राहिले. २२ मिनिटे ५ सेकंद. अंधारी आली नाही. दहा पावले चालले आणि सायकलीकडे धावत गेले.

७ मे

घड्याळातली आकृती उतरवून घेतली. ७५० मीटरच्या जागी ८३५ मीटर दिसतात. हात पाण्यात असताना घड्याळाला उपग्रहाचा संदेश मिळत नाही आणि ते मधले अंतर अंदाजाने जोडते, त्यामुळे यातले काही वळण घड्याळाचे असणार. पण रेघ दुसऱ्या आणि तिसऱ्या बोयांच्या मध्ये डावीकडे इतकी फुगलेली आहे, की सगळा दोष त्याच्यावर टाकता येत नाही. सुरुवातीच्या दोनशे मीटरचा वेग १०० मीटरला २ मिनिटे २१ सेकंद आहे, तो २ मिनिटे ५० असायला हवा होता.

काकांनी आज विचारले की पोहण्यात कितवी आले. खालून अकरावी, असे सांगितले. ते म्हणाले, “म्हणजे दहा जण मागे होते,” आणि निघाले.

गुरुवारपासून डोळे मिटून आठ हात, चार लेंथ, आणि सगळे श्वास डावीकडून.